खालून येणारं ऊन

उयुनी गावातल्या निम्म्या जीपगाड्यांना नीकासिया कोल्केने टोप्या घातल्या असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. मिठाच्या मैदानात प्रवासी नेणाऱ्या प्रत्येक गाडीच्या टपावर कॅरियरला एक स्टेपनी बांधलेली असते. या उंच पठारावरचं ऊन रबराला तापवून थांबत नाही, ते रबर खातं. म्हणून नीकासिया जाड ताडपत्रीच्या गोल टोप्या शिवायची. चर्चमधल्या वेदीची वस्त्रंही तिच्याच हातची. सुई ओवण्याआधी छातीवर क्रूस काढायचा आणि मग शिवणयंत्राच्या पायडलवर पाय ठेवायचा, हा तिचा नेम. वेदीचं कापड असो नाहीतर ताडपत्री, टीप सारखीच बारीक. देवासाठी एक शिलाई आणि टायरसाठी दुसरी, असं तिला कधी जमलंच नाही.

आणि नेमकी तिच्या नवऱ्याच्या, सेवेरोच्याच टपावर तिची टोपी हरली.

दर मे महिन्यात, हंगामाच्या तोंडाशी, चालकांच्या संघाकडून गाड्यांची तपासणी होते. तपासायला म्हातारा आबुंदियो. चार वर्षांत सेवेरोच्या दोन स्टेपन्या त्याने बाद केल्या होत्या. दुसरी बाद करताना त्याने सेवेरोला बाजूला घेतलं.

"मायेस्त्रो, टोपी देखणी आहे. पण आतला माल गेलाय. आता तिसरीही अशीच निघाली, तर तळ्यांचा रस्ता मला दुसऱ्याला द्यावा लागेल. तिकडे दोन दोन दिवस माणूस दिसत नाही. प्रवासी अडकले तर मी काय तोंड दाखवू?"

तळ्यांचा रस्ता म्हणजे सेवेरोची सगळी कमाई, आणि कमाईपेक्षा जास्त त्याचा मान. एकोणीस वर्षं तो त्या रस्त्याने जात होता. त्या दुपारी किन्वाचं सूप पिता पिता त्याने आबुंदियोचं बोलणं बायकोला शांतपणे सांगितलं. रागावला असता तर तिला परवडलं असतं.

"ऊन आहे बाई," शेवटी तो म्हणाला. "त्याला कोण काय करणार?"

"मी करणार. टोपी माझी होती."

बाद झालेली स्टेपनी अजून टपावरच होती. नीकासियाने घेरदार झगा कमरेला खोचला आणि शिडी मागितली.

"पडशील."

"मिठाच्या ढिगांवरून उड्या मारत वाढलेय मी. शिडी धर."

इतक्या वर्षांत ती टपावर कधी चढलीच नव्हती. माप घ्यायचं ते टायर अंगणात उतरवून. आता ती कॅरियरवर पालथी झाली. टोपीखाली टायरची वरची बाजू हाताला गुळगुळीत लागली. मग तिने हात खाली घातला आणि बोटं थबकली. टाचेला पडाव्यात तशा भेगा, एकीला एक लागून. वाकून बघायला गेली तर डोळेच दिपले. खाली गाडीचा टप, सेवेरोने हौसेने पांढराशुभ्र रंगवलेला (हल्ली त्याचं बघून बाकीचेही रंगवायला लागले होते), आणि त्याच्यावरून ऊन उलटं वर येत होतं.

तिला तिचे वडील आठवले. कोल्चानीला मीठ कापायचे. डोक्यावर हातभर रुंद टोपी असायची, पण भाजायचं ते हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत. आई त्यांना गळ्यापासून डोळ्यांपर्यंत फडकं बांधून द्यायची. मीठ ऊन परत फेकतं, हे तिथल्या तान्ह्या पोरालाही कळतं. आणि तीच मिठागरातली लेक टायरला नुसती टोपी शिवून बसली होती.

"सेवेरो," ती वरूनच म्हणाली, "आपण डोकं झाकलं, हनुवटी उघडी ठेवली."

नवं कव्हर तिने तीनदा उसवलं. बाहेर ताडपत्री, आत पिठाच्या पोत्याचं धुतलेलं कापड, आणि खालून उशीच्या अभ्र्यासारखं बंद, दोरी ओढून आवळायचं. ओल आत कोंडू नये म्हणून तळाला चार बारीक भोकं, पत्र्याच्या कड्या ठोकलेली. तिसरी स्टेपनी त्यात घालून टपावर चढली, आणि गावाला विषय मिळाला.

बाजारात आपीच्या, म्हणजे मक्याच्या गरम पेयाच्या गाड्यावर सगळे गरम पेले हातात धरून उभे असताना प्रिमितिवोने तिला गाठलं. तो सेवेरोच्याच रस्त्यावरचा चालक, तिच्या धाकटीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोमाद्रे-कोंपाद्रे म्हणायची.

"कोमाद्रे, ऐकतोय ते खरं? टायरला चड्डी शिवलीत म्हणे?"

"खरंय, कोंपाद्रे. तुमचा बिचारा नुसती टोपी घालून नागडा हिंडतो. आम्हालाच बघून लाज वाटते."

आपीवालीच्या हातचा डाव हसता हसता हलला. पण टोमणे काही थांबले नाहीत. आशीर्वादाच्या दिवशी गाड्या चर्चसमोर रांगेने उभ्या राहिल्या, फादर पवित्र पाणी शिंपडत आले, तर मागून कोणीतरी ओरडलंच, "फादर, चड्डीवरपण शिंपडा." फादरही हसले. नीकासिया हात जोडून उभी होती. तिच्या मनात आलं, वरून राखणारा आहेच. खालची बाजू त्याने आपल्यावर सोपवली असेल.

पहिल्या वर्षी कुठलीच स्टेपनी चिरत नाही, म्हणून पहिली तपासणी पार पडली त्याचं कोणाला काही वाटलं नाही. खरी परीक्षा दुसऱ्या मेमध्ये. त्या सकाळी नीकासिया स्वतः संघाच्या आवारात गेली. बायका सहसा तिथे जात नाहीत. वारा बोचत होता, चाळीसेक चालक हात काखेत दाबून उभे होते.

"नीकासियाबाई, गाठ तुम्हीच सोडा," आबुंदियो म्हणाला.

तिने दोरी सोडली. आबुंदियोने टायर उलटा केला, चष्मा पुसला, गुडघ्याने बाजू दाबून अंगठा फिरवत गेला. नीकासियाने तिकडे पाहिलं नाही. ती मनात मरियेची प्रार्थना म्हणत होती आणि 'आम्हा पाप्यांसाठी' इथवर पोचली होती.

"ही नवी टाकलीत का?" आबुंदियोने विचारलं.

"नाही मायेस्त्रो," सेवेरो म्हणाला. "नंबर बघा. तुम्हीच दोन वर्षांपूर्वी वहीत उतरवलाय."

वही आली. आकडा जुळला. आबुंदियोने पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, खालच्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग खडूने टायरवर पास झाल्याची खूण केली.

"तळ्यांचा रस्ता तुमचाच."

सेवेरोने सगळ्यांदेखत कॅप काढली. "हिने शिवलं," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं तरी.

पुढचा टायर प्रिमितिवोचा. वरून चकचकीत, उलटा केला तर भेगाच भेगा. कोणी हसलं नाही, कारण रांगेतला जो तो आपापल्या टपाकडे बघत होता.

"बाई," आबुंदियो म्हणाला, "ते कव्हर जरा उचलून धरा. दोरी कुठून ओवलीय ते यांना सांगा."

चर्चमध्ये वाचन करायला सांगितलं की जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नसे, ती नीकासिया त्या पुरुषांच्या मधोमध उभी राहिली. तिने कव्हर उलटं धरलं. दोरी दाखवली, भोकं दाखवली, आतलं कापड का लागतं ते सांगितलं.

"ऐकू आलं नाही, मागे," कोणीतरी म्हणालं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने.