कुंकवाला जागा

आनसाबाई धातू डोळे मिटून तपासायची. भांडं असो की इंजिनाचं झाकण, अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवायची आणि अडलं की करवादायची, "डोळ्याला लबाडी कळत न्हाई, बोटाला कळती."

महायुद्ध संपलं तसा मी पलटणीच्या मोटारखात्यातून सुटून सांगलीत आलो आणि गॅरेज टाकलं. हळदीच्या एका बड्या अडत्यानं लष्कराच्या दोन भंगार मोटारसायकली आणून दिल्या. दोन्हींची मिळून एक करायची आणि इंजिन आरशासारखं झळकवायचं, हा शेठचा हट्ट. झाकणांवर हिरवा रंग थापलेला, सायलेन्सर गंजानं खाल्लेला. कुणी हात लावेना. मग मी आनसाबाईकडे गेलो. नवरा तांबट होता, तो वारल्यावर त्याचं पायानं फिरवायचं पॉलिशचं चाक ती चालवत होती.

पंधरा दिवस ती त्या चाकाला जुंपून होती. बोटांची सालं निघाली. एकदा मी म्हणालो, "सायलेन्सरच्या खालच्या अंगाला नुसता काळा रंग मारू. कुणाला दिसतंय?"

तिनं नळी माझ्या पायाशी आदळली. "रस्त्याला दिसतंय की! अर्धं काम पायजे तर दुसरीकडं जावा."

दसऱ्याला शेठच्या पेढीसमोर गाडीची पूजा होती. आनसाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली आणि गाडीजवळ उभी राहिली. शेठची आत्या भटजींच्या कानाशी लागली, भटजी शेठच्या. शेठ मला म्हणाले, "मिस्त्री, नारळ फुटेस्तोवर बाईंना मागं न्या. विधवा आहेत, बरं दिसत नाही."

आणि मी गेलो. "आनसाबाई," मी म्हणालो, "दोनच मिनिटं जरा…"

तिनं शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी सांगताय व्हय मला, मिस्त्री?" मग साऱ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडली, "ह्या गाडीवर एक जागा दावा, जितं ह्या रंडकीचा हात लागला न्हाई. तितंच कुक्कू लावा!"

भटजींचं बोट हवेतच थांबलं. ती तरातरा निघून गेली. थोड्या वेळानं नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मीही खाल्ला.

चार दिवसांनी मी तिच्या दारात गेलो. म्हणालो, "शेठचा मान राखावा लागला हो."

"मंग राखा की. राखत बसा," ती म्हणाली आणि दार लावलं.

शेठवर मी कधीच चिडलो नाही, तो तसाच होता. संताप येतो तो माझा. पाना माझ्या खिशात होता, गाडी माझ्या हातची होती. 'मग पूजा होणार नाही' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? गिऱ्हाईक गेलं असतं, एवढंच.

पुढे ती पलूसला भावाकडे गेली आणि तिथंच वारली. त्याआधी कितीतरी वर्षं सांगलीत तिचं चाक फिरत होतं. सगळ्यांचं काम ती घेत होती. माझं तिनं पुन्हा घेतलं नाही.