दादाने घातलेला पाचवा वाटा

आज सकाळी कॅनडाहून दादाचा व्हिडिओ कॉल आला. चारकोपच्या घरात आता आई आणि मी दोघीच.

तिघा मित्रांबरोबर त्याने मूस मारलेला, घोड्यापेक्षा मोठं हरीण. जंगलातच कापून वाटे घातलेले, आता पाठीवरून गाडीपर्यंत न्यायचे होते.

"माणसं चार, मग वाटे पाच कसे रे?" आईने विचारलं.

"पाचवा बाबांचा. सवयीने घातला गं आई."

आमच्या गावी बकरा कापला की न आलेल्याचाही वाटा ठेवतात. बाबांनीच शिकवलेलं त्याला. गणपतीत बाबा गेले, तेव्हा दादाला खांदा द्यायलाही येता आलं नाही.

आई म्हणाली, "तो कोणाला देऊ नकोस. तूच वाहून ने."

दादा तिथेच बसून हमसून हमसून रडला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

यार, एवढ्या लांबून पाठीवरून हात कसा फिरवायचा, सांगा ना कोणीतरी.