उंदराच्या डोक्यातली गोळी

चार बाया एका ओळीत मासोळी विकायला बसल्या, की मासोळी संपते, गोष्टी संपत नाहीत. उरलेली मासोळी निदान सुकवावी लागते. गोष्टीला तेही नको, दर बाजाराला ती ताजीच! माझी नात वंदना हैदराबादच्या एका लॅबमध्ये लागली आणि आमच्या चामोर्शीच्या बाजारातल्या ओळीत तर गोष्टींचा ढीगच पडला.

ओळीत माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ, भागी बसे. तिला मिरगी होती. एकदा जाळं धुता धुता झटका आला आणि बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, पाण्यात पडली. नवरा जवळ होता, म्हणून निघाली. नवरा म्हणजे माझा दीर, सुकरू. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. भागीनं थोडे दिवस खाल्ल्या आणि बंद केल्या!

"काऊन वं?" मी विचारलं.

"बाई, दुखणं डोक्यात, गोळी जाते पोटात. पोटातून डोक्यात जायले रस्ता कुठी हाये?"

सुकरूनं हात जोडले, मी शिव्या दिल्या. भागी ढिम्म! आणि सकाळ झाली की पुन्हा बोडीत. आमचा सगळा जीव टांगणीला.

*

वंदना दिवाळीला घरी आली. "मी मास स्पेकच्या मशीनवर काम करते," म्हणाली. आम्ही ढिवर माणसं. आम्हाला त्यातलं 'मास' तेवढं ऐकू आलं!

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष मारोतीभाऊ दारात हजर.

"बाई, नात मासोळीच्या मशीनवर हाये म्हणते. कोणती मासोळी कुठी लपली, दाखवते काय ते मशीन?"

वंदना हसून हसून बेजार. "आबा, उंदराच्या मेंदूत औषध कुठी पोचलं, ते दाखवते."

मारोतीभाऊंनी जरा विचार केला. "मेंदू केवढा, आपली बोडी केवढी! मग तर बोडीत सोपंच जाईन!"

*

मग बाया तिला सोडतात होय? ओट्यावर बसवून सगळं वदवून घेतलं. उंदराला औषध द्यायचं. मग त्याचा मेंदू गोठवून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे. कापावर ठिपक्या-ठिपक्यानं लेझरचा उजेड मारायचा. जे कण उडतात त्यांचं मशीन वजन करते. औषधाचं वजन ठरलेलं, त्यावरून ते ओळखू येते.

"म्हणजे काटाच हाये म्हण ना!" भागी म्हणाली.

"काटाच, आजी. लय बारीक काटा."

"काटा मारत नाई ना?"

"नाई व आजी! आम्ही आधी काटा तपासतो, मगच काम करतो."

भागीनं आमच्या ओळीकडे पाहिलं. "माय, हे मशीन बाजारात नको आणजो. अर्धा बाजार उठून जाईन!"

*

त्याच दिवाळीत वंदनाला पाहायला भद्रावतीचे पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरगी नोकरीत काय करते?"

मी काही चांगलं बोलणार, तेवढ्यात भागीच बोलली, "उंदराचं डोकं कापते!"

वंदनाची आई पदरात तोंड लपवून आत पळाली. मला वाटलं, गेली सोयरिक!

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "आमच्या क्वार्टरमधी उंदीर लय झाले," ती म्हणाली. "तारीख जवळचीच धरा!"

*

जायच्या आदल्या दिवशी वंदनानं भागीला लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर दोन उंदरांच्या मेंदूचे काप. एकाला औषध दिलंच नव्हतं, तो काळाकुट्ट. दुसरा लाल, पिवळा, हिरवा, होळी खेळून आल्यासारखा!

"हा रंग म्हणजे मिरगीचं औषध, आजी."

"डोक्यातच टोचलं असन."

"नाई. पोटात दिलं. पोटातून रक्तात, रक्तातून डोक्यात."

भागी पडद्याला नाक लावून बसली. "एवढ्याशा डोक्यात गोळी पोचली?"

"पोचली."

दुसऱ्या दिवशी सुकरूच्या आधी तीच दवाखान्याला निघाली. डॉक्टर तिला चांगले ओळखत होते. म्हणाले, "बाई, आता तरी रोज घ्याल ना?"

"घेईन ना! उंदरापेक्षा कमी हाये काय मी?"

*

तेव्हापासून संध्याकाळी दिवा लागला, की भागी गोळी गिळे आणि डोळे मिटून बसे. सुकरूला तेवढा दम कुठला! तो अंगणातून ओरडे, "पोचली काय वं?" ती कपाळावर बोट मारून आतून ओरडे, "पोचली!" मगच तो जेवायला बसे. झटके थांबले, पण त्याचं ओरडणं काही थांबलं नाही.

मग एटापल्लीला भागीच्या नातवाचं बारसं निघालं. भागी आणि मी संध्याकाळच्या एसटीत बसलो. सुकरू मागून येणार होता. त्यानं खिडकीतून पाण्याची बाटली दिली, गोळी दिली. भागीनं ती गिळली आणि गाडी हलली.

म्हातारा धोतर सावरत गाडीच्या बाजूनं पळायला लागला!

"भागे! पोचली काय वं?"

सगळी गाडी वळून पाहायला लागली. कंडक्टर दारातून ओरडला, "आबा, गाडी आता स्टँडातून निघून राह्यली! एवढ्यात पोचन कशी?"

सुकरू ऐकतो कुठला! "पोचली काय, सांग ना वं!"

भागीनं अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं आणि कपाळावर टकटक बोट मारलं. "पोचली, पोचली! जा आता घरी!"

सुकरू जागच्या जागी थांबला, दुपट्ट्यानं तोंड पुसलं, आणि हसत हात हलवू लागला.

मग आमच्या सीटजवळ दांडा धरून उभा असलेला एक माणूस अगदी आदरानं म्हणाला, "बाई, पोचल्या असान तर उतरा ना. मी कवाचा उभा हावो!"