इशबेलच्या दाराला पाडलेलं भोक

इशबेल गन एकतीस वर्षं माझी शेजारीण होती, पण तिच्याबद्दल मला खरं काय ठाऊक आहे ते लिहायला बसलो तर पानही भरत नाही. तिचा नवरा कसा गेला हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक गावच्या बंदरावर मासे साफ करण्यात तिचा जन्म गेला, लोकांना ती तोंडावर बोलायची, आणि तिच्याकडे पार्टन नावाचं एक काळं मांजर होतं. एवढंच. दाराची हकीकत मात्र मला पुरती ठाऊक आहे, आणि ती आठवली की आजही माझं डोकं तापतं.

आमची ओळीतली घरं भाड्याची. त्या ऑक्टोबरात घरमालक कंपनीची माणसं आली आणि स्वयंपाकघर व मागची पडवी यांच्यामधली जुनी फळ्यांची दारं काढून नवी बसवून गेली. दोन पातळ पत्र्यांमध्ये जाड थर्मोकोल, कडेने रबर, वर दार आपोआप मिटवणारा दांडा. ऊब आत राहील म्हणाले, आणि राहिलीही. बोटी बांधण्याच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय; दार चांगलं होतं हे मी नाकारत नाही. पण इशबेलच्या जुन्या दाराचा खालचा कोपरा मांजरापुरता कापलेला होता. चौदा वर्षं पार्टन तिथून ये-जा करायचं.

"आता हे कुठून येणार?" तिने विचारलं.

"ते ओरडेल, तुम्ही दार उघडा," कंपनीचा माणूस म्हणाला.

मी तिथेच उभा होतो. तसल्या दारातून मांजराचा आवाज येत नाही हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

नोव्हेंबरात एक दिवस बर्फाळ पाऊस होता. पार्टन भिजून पडवीत आलं आणि वाऱ्याने पडवीचं बाहेरचं दार त्याच्यामागे आपटून बंद झालं. दिवसभर ते पडवीत ओरडत राहिलं असेल. आत इशबेल रेडिओ लावून इस्त्री करत होती. तिला वाटलं, मांजर बंदरावर कुठेतरी आडोशाला बसलंय. संध्याकाळी कोळसा आणायला तिने दार उघडलं तेव्हा ते उंबऱ्याशी आखडून पडलं होतं. दारावर वीतभर उंचीपर्यंत ओरखडे.

टॉवेलात गुंडाळलेलं मांजर घेऊन ती माझ्याकडे आली.

"स्वॉन्सन, भोक पाड."

"कशाला?"

"दाराला! तुझ्या डोक्याला पाडलं असतं, पण आत काही सापडायचं नाही."

"दाराला हात लावायचा नाही असं कंपनीने लिहून दिलंय. हमी जाईल."

"हमी? दहा पावलांवर हे मरत होतं आणि मी उशांचे अभ्रे इस्त्री करत होते! कसली हमी?"

"आपण त्यांना पत्र लिहू."

"लिही तू. अक्षर सुंदर काढ." आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहायला गेलो. मांजर शेगडीपाशी दूध पीत होतं, आणि इशबेल गुडघ्यांवर बसून ब्रेडच्या सुरीने दार कापत होती. पत्रा चेचला होता, भोक वाकडंतिकडं, थर्मोकोलचे पांढरे दाणे तिच्या केसांत, लोण्यात, सगळीकडे. तिची बोटं सांधेदुखीने वाकलेली होती. ते मला बघवेना.

"सर बाजूला," मी म्हणालो.

भोक मी चौकोनी केलं. थर्मोकोल उघडा राहिला की ओल धरतो, म्हणून आतून प्लायवूडची चौकट घातली, फटींत सिलिकॉन भरलं, आणि मांजराच्या पोटाची उंची मोजून, डोक्याने ढकलली की उघडणारी झडप बसवली. पण मोजलं स्वयंपाकघराच्या बाजूने. पडवी एक पायरी खाली. पार्टन तिकडून आलं आणि माणसाने शिडीशिवाय पोटमाळ्याकडे बघावं तसं झडपेकडे बघत राहिलं.

"चाळीस वर्षं बोटी बांधल्यास ना?" इशबेल म्हणाली. "बुडल्या किती?"

मी माशांचं एक खोकं उपडं करून तिथे पायरी ठेवली. मांजर आत आलं.

डिसेंबरात कंपनीचा तपासनीस आला. "हे कोणी केलं?"

"मी. ब्रेडच्या सुरीने," इशबेल म्हणाली.

त्याने चौकटीचे नीट जुळलेले कोपरे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. घर माझंही कंपनीचंच होतं. अख्ख्या आयुष्यात मला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता, आणि तरी तोंड उघडलं नाही.

पत्र आलं: दार बदललं जाईल, पुन्हा भोक दिसलं तर मांजर ठेवायची परवानगी रद्द.

जानेवारीत नवं दार घेऊन दोन कामगार आले. इशबेल दारातच खुर्ची टाकून मांडीवर मांजर घेऊन बसली.

"बाई, उठा हो. आम्हाला सांगितलंय तेवढं करतोय."

"मला उचला आणि मग करा. कंबर सांभाळा, मी हलकी नाही."

भिंतीपलीकडून मी हे सगळं ऐकत होतो. कसा उठलो मला सांगता येत नाही. आत जाऊन म्हणालो, "चौकट मी बसवली. हिने नाही. नवं दार लावा, उद्या त्यालाही बसवीन. ओळीत ज्याला हवी त्याला बसवीन. तुमच्या साहेबांना सांगा, घरातल्या जिवाचा आवाज आत येत नसेल तर असलं दार आपल्या घराला लावून घ्या!" माझा आवाज फाटला होता.

दोघांतला वयस्कर कामगार खाली बसला. त्याने झडप बोटाने ढकलली, कडेवरून हात फिरवला.

"वारा येत नाही," तो म्हणाला. कागदावर 'दार ठीक' असं लिहून, नवं दार गाडीत घालून ते निघून गेले. पुढे पत्र आलं नाही.

आभार वगैरे इशबेलने मानले नाहीत. "डिसेंबरात कुठे मेला होतास?" एवढंच म्हणाली.

एप्रिलमध्ये ती झोपेतच गेली. पार्टन आता माझ्याकडे असतं; माझ्याही दाराला झडप आहे. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालताना तिने कुंपणावरून हाक मारली होती.

"मासेवाल्याची गाडी आली की माझ्यासाठी दोन हॅडॉक घे. मागच्या वेळी शिळे दिले मेल्याने."

"कोणते घेऊ?"

"डोळे बघून घे. आणि डोकी काढून दे म्हणावं."

"बरं," मी म्हणालो.