घरी हलवताना

लिफ्टचं दार दोनदा स्ट्रेचरवर आपटलं, तेव्हा मी म्हटलं, “नाही जाणार.”

कामोठ्याची सोसायटी, घर चौथ्या मजल्यावर. बिल्डर लोक लिफ्टमध्ये आरसा बसवतात, पण त्यात आडवा माणूस मावेल का, हे बघत नाहीत.

मी अँब्युलन्सवर ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. आमच्याकडे ‘हलवणे’ हा शब्द दिवसभर चालतो. बेडवरून स्ट्रेचरवर घेतलं तरी हलवलं. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तरी हलवलंच; तेव्हा नातेवाईक घाईत असतात, आशा असते. पण कुणी हळू आवाजात ‘घरी हलवतोय’ म्हटलं, की आम्ही पुढचं विचारत नाही.

सावंतकाकांना घरी हलवत होतो. कॅन्सर सगळीकडे पसरलेला. हॉस्पिटलात डॉक्टर काकूंना म्हणाले होते, “वाटेत काही झालं तर?”

“तर घरी येता येता होईल. हितं पडद्याआड नको.”

वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची घेतली. काकांना बसवून चादरीने बांधलं. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर माझ्या हातात, काकांचं डोकं काकूंच्या पोटाशी. लिफ्टमध्ये आणखी जागा नव्हती, मुलगा सचिन जिन्याने धावला. मी सारखी नाडी बघत होतो. पोचू दे रे बाबा, एवढंच मनात.

पोचलो. हॉलमधला सोफा, टीव्ही शेजाऱ्यांकडे गेलेला. खाट खिडकीला लावलेली, बाहेरचं जांभळाचं झाड दिसेल अशी.

काकांनी डोळे उघडले. “टीव्ही कुठंय?”

“आज मॅच नाय,” काकू म्हणाल्या.

“मॅच कधी नसते?” काका हसले. मग खिडकीकडे बघत राहिले. मी ऑक्सिजन लावून निघणार, तोच श्वास लांबत गेला आणि थांबला. काकू त्यांचे पाय चोळत होत्या. त्यांना कळलं, तरी चोळत राहिल्या.

माणसं जमली. बसायला जागा होईना. सचिनने डोळे पुसत विचारलं, “आई, खाट जरा भिंतीकडे हलवू?” शेजारचे दोघं वाकलेसुद्धा.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “त्यांच्यासाठी लावलीय.”

दोघंही सरळ झाले. लोक पॅसेजमध्ये उभे राहिले. रिकामी खुर्ची घेऊन मी जिन्यानेच उतरलो.

आता घरी हलवायचा कॉल आला की मी आधी लिफ्ट केवढी ते विचारतो. हात असलेली खुर्ची तयार ठेवा म्हणतो. खाट कुठे लावायची, ते मात्र सांगावं लागत नाही. ती आधीच लावलेली असते.