पार्लरमागचं जवसाचं पातेलं

पार्लरमध्ये दिवसभर जमिनीवर केस पडतात आणि कानावर किस्से. केस संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से काही केल्या जात नाहीत. वाशी या आमच्या तालुक्याच्या गावात, बाजारात माझं पार्लर आहे. पार्लरच्या मागं आमचंच घर, आणि त्या घरातल्या स्वयंपाकघरात हल्ली कुरळ्या केसांसाठी जवसाचं जेल शिजतं. तेव्हापासून तर किस्से ठेवायला जागा उरलेली नाही!

आधीच सांगते, माझे स्वतःचे केस कुरळे. लहानपणी आईनं माझ्या डोक्यात किती कंगवे मोडले, त्याची मोजदाद नाही. माझ्याकडं कामाला असलेली अश्विनी जवळच्या ईट गावची. तिचे केस माझ्याहून कुरळे. दुकानातलं जेल लावलं की दोघींच्याही डोक्याला खाज सुटायची. मग मोबाईलवर बघून बघून शिकलो. पाण्यात जवस टाकून उकळायचं, अंड्यातल्या पांढऱ्यासारखं दाट झालं की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं, आणि ओल्या केसांना लावून बटा मुठीत दाबायच्या. एवढंच. पण आमच्या घरात 'एवढंच' असं काही होत नाही.

* * *

पहिल्याच वेळची गोष्ट. पातेल्यात जवस रटरटत होतं आणि तेवढ्यात आयब्रो करायला बाई आली. मी गॅस बंद करून पुढं पळाले. परत येऊन बघते तर पातेलं रिकामं! माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शेजारी निवांत बसलेल्या.

"आत्याबाई, यातलं जवस कुठं गेलं?"

"चटणी पार बिघडवून ठिवली हुतीस बग. एवढं पाणी घालत्यात व्हय चटणीत? म्या सुधारली."

सुधारली म्हणजे लसूण, मीठ, काळं तिखट घालून वरून फोडणी दिली होती. आमचे मालक ती ज्वारीच्या भाकरीबरोबर ओरपत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक अगदी प्रसन्न चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आले.

"रात्री काय हुतं गं ते?"

"केसांचं जेल."

"असू दे. आठवड्यातनं एकदा करत जा. पोट लई साफ होतंय!"

* * *

या कामात सगळ्यात अवघड काय, तर गाळणं. जेल थंड झालं की फडक्यातून थेंबभर खाली उतरत नाही. एकदा ऐन वेळी फडकं सापडेना. अश्विनी ओरडायली, "ताई, थंड व्हायलंय!" आणि तिनं दोरीवरून जे हाताला लागलं ते ओढलं.

ते माझ्या सासऱ्यांचं पांढरंशुभ्र उपरणं होतं.

मामंजी कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. आम्ही ते गडबडीत खळबळून पुन्हा दोरीवर टाकलं. वाळल्यावर बघतो तर उपरणं पत्र्यासारखं ताठ! काही करायच्या आत मामंजी ते खांद्यावर टाकून लग्नाला गेलेसुद्धा. संध्याकाळी ते परत आले तेव्हा आम्ही दोघी उगीच पार्लरचे आरसे पुसत होतो.

"उपरणं कुणी धुतलं?"

"मी, आजोबा," अश्विनी खाली मान घालून म्हणाली.

"मांडवात जो त्यो इचारायलाय, असली कडक इस्त्री कुठं करून आणली म्हणून!"

आता जेलचा वार असला की मामंजी स्वतः उपरणं आणून देतात. वर सूचना असते, "पोरी, गाळायला हे घे. अन् धुताना लई खळबळू नको, कडकपणा जातोय."

* * *

आमच्या गिऱ्हाइकांत शैलाबाई आहेत. शाळेत शिकवतात. केस कुरळे, आणि बाई भेंडीच्या जेलच्या कट्टर. त्यांच्या मते जवसानं केस कडक होतात, भेंडीनं मऊ राहतात. एकदा हट्टानं कोवळी भेंडी घेऊन आल्या, आमच्याच गॅसवर उकळली, गाळली, आणि चोथा टाकायला निघाल्या. दारात आत्याबाई उभ्या.

"बाई, भेंडीची बुळबुळ जावी म्हणून माझी अर्धी जिंदगी गेली. फडक्यानं पुसा, चिच घाला, ताक घाला. अन् तुमी बुळबुळ ठिवून भेंडी टाकायला निघालाव?"

शैलाबाईंना अख्खा वर्ग घाबरतो. पण त्या दिवशी त्या पोरीसारख्या गप्प उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी ती भेंडी कढईत परतली, दाण्याचा कूट घातला आणि डब्यात भरून त्यांच्याच हातात दिली!

तेव्हापासून आमच्याकडं दोन पक्ष. एक जवसाचा, एक भेंडीचा. नवीन कुरळी बाई आली की नाव विचारायच्या आधी आम्ही विचारतो, "जवस का भेंडी?"

एकदा हा वाद कायमचा मिटवायचं ठरलं. अश्विनीच्या डोक्याला डावीकडं जवस लावलं, उजवीकडं भेंडी, आणि बाजारच्या दिवशी तिला लोकांचं मत घ्यायला पाठवलं. तासाभरानं पोरगी परत आली.

"काय निकाल?"

"भाजीवाल्या मावशी म्हणल्या, भेंडीची बाजू एक नंबर. किराणावाले काका म्हणले, जवसाला तोड न्हाय."

"आणि बांगड्यावाली?"

"ती म्हणली, पोरी, आदी घरी जाऊन केस इंचर!"

* * *

जेल फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर ठेवू नका, असं मी प्रत्येकीला बजावून सांगते. तरी एका बाईंनी डबा कपाटावर ठेवला, तोही आमच्याकडच्या एप्रिलमध्ये. मग त्यांचा फोन.

"ताई, जेलला आंबूस वास यायलाय. लावू का?"

"अजिबात लावू नका. टाकून द्या."

"टाकायचं कशाला? जवसच हाय नव्हं? म्हशीला घालते."

मला दिवसभर त्या म्हशीचीच काळजी. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. मी घाबरत घाबरत उचलला.

"ताई, अजून एक डबा करून ठिवा."

"वापरताय का आता नीट फ्रिजमध्ये ठेवून?"

"मला न्हाय हो. म्हैस पातेलं चाटून चाटून मागायलीय!"

* * *

आता अश्विनीचं सांगते. दिवसभर सगळ्यांना हसवणारी ही पोरगी एका दिवशी पातेलं ढवळताना एक शब्द बोलेना. जवस आटून आटून त्याची खळ झाली, तरी हिचं लक्ष नाही. मी गॅस बंद केला आणि तिला खाली बसवलं.

रविवारी सास्तूरची मंडळी तिला बघायला येणार होती. मुलाशी तिचं फोनवर बोलणं चालू होतं, आणि तो तिला मनापासून आवडला होता. ते आम्हाला ठाऊकच होतं. त्याचा फोन आला की ही वॅक्सिंगची पट्टी हातात तशीच धरून उभी राहायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं! अडचण वेगळीच होती. मागं एक स्थळ "पोरगी चांगली हाय, पण केस जरा..." एवढंच म्हणून परत फिरकलं नव्हतं. म्हणून घरच्यांनी तिचा सरळ केसांचा फोटो बायोडाटावर लावला होता. इस्त्री करून सरळ केलेले केस!

"त्याला सांगितलंस का?"

"लई येळा ठरवलं ताई. तोंडातनं निघतच न्हाय. अन् त्यांच्या घरी आईचंच चालतंय म्हणं."

तेवढ्यात तिच्या आईचा मला फोन. "ताई, रविवारी तिचे केस तेवढे सरळ करून द्या. एकदा जमू द्या, मग बगू."

अश्विनीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. "आई, मग काय बगणार? जन्मभर रोज पाटे उठून इस्त्री करू का? मी हाय अशीच बसणार." आणि फोन ठेवून ढसाढसा रडली.

आत्याबाई कोपऱ्यातून सगळं ऐकत होत्या. त्या उठल्या, जळलेलं पातेलं घासायला टाकलं, दुसरं चढवलं आणि म्हणाल्या, "जवस काड गं. अन् नीट कर बाई या खेपेला."

त्या दिवशी फडकं त्यांनी स्वतःच्या हातानं पिळलं. तेही जवसाच्या चटणीचा नाद सोडून!

* * *

रविवारी मी आणि आत्याबाई ईटला गेलो. मी माझ्या हातानं अश्विनीचे केस केले. अशा मोकळ्या, गोल बटा पडल्या की बघत राहावं. तिच्या आईनं मात्र बघितलं आणि कपाळाला हात लावला.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आई डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसलेल्या. कपाळावरचा एक केस दिसेल तर शपथ! अश्विनी पोहे घेऊन बाहेर आली. वडिलांनी चष्मा चढवला, मोबाईलमधला फोटो बघितला, मग अश्विनीकडं बघितलं, मग पुन्हा फोटो बघितला. मुलगा खाली मान घालून गालातल्या गालात हसत होता. असा राग आला मला त्याचा!

शेवटी अश्विनीच्या काकांना राहवलं नाही.

"केसाचं मनावर घिऊ नका पाव्हणं. सरळ करता येत्यात. पोरगी पार्लरमधीच कामाला हाय."

मुलाच्या आईनं पोह्याची बशी खाली ठेवली. उठल्या आणि सरळ अश्विनीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. तिची एक बट बोटांत धरली, हलकेच ओढली आणि सोडली. बट टुणकन जागेवर गेली. मग त्यांनी बोटावर बोट चोळलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. आत्याबाईंनी माझा हात गच्च धरला.

मुलाच्या आई तिच्या कानाशी वाकल्या आणि हळूच विचारलं, "जवस का भेंडी?"

"ज... जवस."

"वाटलंच मला," पदराबाहेर आलेली स्वतःची कुरळी बट आत सारत त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात भेंडी बरी पडती गं. असू दे, आपल्या परसात लई हाय."