बाबांच्या नावापुढे ‘काही नाही’

स्पिरिटचा वास आला की बनशंकरीतला तो छोटा दवाखाना आठवतो. पेशंटच्या ॲलर्जींचा प्रोग्रॅम मीच लिहून दिला होता: नाव टाकलं की नोंद देणारा साधा हॅश, म्हणजे नाव-नोंदींचा तक्ता, डिस्कवर दोन फाइलींत साठवलेला. त्या सकाळी ताप आलेल्या बाबांना घेऊन गेले. नर्सअक्कांनी त्यांचं नाव टाइप केलं आणि सिरिंज भरत आपल्या कानडी ढंगात म्हणाल्या, “सरी, ठीक आहे, ॲलर्जी काही नाही.” पूर्वी एकदा पेनिसिलिननं बाबांचा श्वास कोंडला होता, ती नोंद मीच केली होती. “अक्का, थांबा! कॉम्प्युटर बदललात?” “हो, कालच. तुमची मोठी फाइल आणली की. दुसरी स्वल्पच होती, म्हणून सोडली.” नोंदी मोठ्या फाइलीत होत्या, पण कुठली कुठे आहे ते लहान फाइलीत. ती नसली की बरीच नावं सापडायची नाहीत, आणि न सापडलेल्या नावापुढे माझा प्रोग्रॅम ‘काही नाही’ लिहायचा. बाबा बाही वर करून बसलेच होते. अक्कांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि बाबांच्या आधी सुई घेऊन गेलेल्यांना एकेक करून त्या फोन लावू लागल्या. सगळे सुखरूप निघाले. पण आजही कुणी फोन लवकर उचलला नाही, की रिंग वाजत असतानाच मला स्पिरिटचा वास येतो.